वायरलेस गेमिंग हेडसेटचं फर्मवेअर स्वतः अपडेट कसं करायचं?

गेम खेळताना आवाज तुटतोय, माईक मध्येच बंद पडतोय आणि अ‍ॅपमधलं अपडेट दर वेळी अर्ध्यावर अडकतंय? नवा हेडसेट घेण्याआधी एकदा फर्मवेअर स्वतः अपडेट करून बघा.

फर्मवेअर म्हणजे काय?
हेडसेटच्या फ्लॅश मेमरीत साठवलेला प्रोग्राम. आवाज, माईक, चार्जिंग, जोडणी सगळं तोच सांभाळतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या हेडसेटसोबत यूएसबी डोंगल येतो आणि त्याचं फर्मवेअर वेगळं असतं. एकच अपडेट झालं आणि दुसरं जुनं राहिलं, तर कधी कधी दोघांची जोडी जुळत नाही.

अपडेट करायचंच कशाला?
प्रश्न फक्त आवाजाचा नाही. जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या ईआरएनडब्ल्यू या सुरक्षा संस्थेने ऐरोहा कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधल्या त्रुटी जाहीर केल्या. या चिप अनेक नामांकित ब्रँडच्या हेडफोनमध्ये आहेत. ब्लूटूथच्या टप्प्यातला माणूस पेअरिंग न करताही हेडफोनमध्ये शिरू शकत होता. यावरचा उपाय म्हणजे फर्मवेअर अपडेट.

आधी एवढं करा
१. बॉक्सवरचा किंवा हेडसेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर बघा. नाव सारखं असलं तरी फाईल वेगळी असू शकते.
२. अपडेटर फक्त कंपनीच्या सपोर्ट पेजवरूनच घ्या.
३. हेडसेट निम्म्याहून जास्त चार्ज करा.
४. डेटा जाणारी यूएसबी केबल वापरा. काही स्वस्त केबलमधून फक्त चार्जिंग होतं, मग कॉम्प्युटरला हेडसेट दिसतच नाही.

अपडेट करताना
गेम आणि कॉलिंग अ‍ॅप बंद करा. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा. डोंगल आणि हेडसेट थेट पोर्टला लावा, हबला नको. अपडेटर सांगेल त्या क्रमाने दोन्ही अपडेट करा. शेवटी दोन्हींचा व्हर्जन नंबर तपासा आणि गरज पडली तर पुन्हा पेअर करा.

लाईट गेली तर?
माळशिरससारख्या ठिकाणी हा प्रश्न आधी विचारायला हवा. अपडेट होताना जुना प्रोग्राम पुसून त्या जागी नवा लिहिला जात असेल आणि मध्येच वीज गेली, तर हेडसेटमध्ये अर्धाच प्रोग्राम उरतो. म्हणून हे काम चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. फोनच्या अ‍ॅपवरून करत असाल तर फोन जवळ ठेवा आणि तेवढा वेळ कॉल घेऊ नका.

तरीही अडकलं तर?
घाबरू नका. अनेक हेडसेटमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम वेगळा असतो आणि तो शाबूत राहतो. केबल काढून पुन्हा लावा, अपडेटर पुन्हा चालवा. रिकव्हरी मोडसाठी कोणती बटणं दाबायची, ते तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट पेजवर शोधा. दुसऱ्या मॉडेलची फाईल टाकून प्रयोग मात्र करू नका.

हेडसेट नीट चालत असेल तरी अपडेटची नोंद वाचा. त्यात सुरक्षेचा उल्लेख असेल, तर टाळाटाळ नको.