अमिलॉइड रोगाची ओळख

इ. स. १८५४ मध्यें रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें मेंदूंतील सूक्ष्म कणांवर आयोडीन व गंधकाम्ल टाकून पाहिलें. कण निळसर जांभळे झाले. हें पिष्टाचें लक्षण समजून त्यानें 'अमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखें, असें नांव योजिलें. यकृत-प्लीहेंत सांठणाऱ्या मेणचट द्रव्यालाहि तेंच चिकटलें. १८५९ मध्यें फ्रीडराइख व केकुले यांनीं अशा प्लीहेचें पृथक्करण केलें, तों पिष्ट मुळींच नाहीं. होतें तें प्रथिन! नांव मात्र राहिलें तें राहिलेंच.

रोग्याला नांवाशीं काय कर्तव्य? पायांस सूज, फेंसाळ लघवी, जाड झालेली जीभ, डोळ्यांभोंवतीं काळेनिळे डाग, अशीं विखुरलेलीं लक्षणें एका सूत्रांत ओवणें अवघड. म्हणून हा रोग बहुधा शवविच्छेदनांतच उघडकीस येई. १९२२ मध्यें बेनहोल्ड यानें कापड रंगविण्याचा कांगो रेड हा रंग जिवंत रोग्याच्या शिरेंत टोंचला. अमिलॉइड असल्यास तो रक्तांतून झपाट्यानें नाहींसा होई. १९२७ मध्यें बेल्जियमच्या डिव्हरी यानें याच रंगाचा छेद ध्रुवीकृत प्रकाशांत तपासला, तेव्हां हिरवी झांक दिसली. शिरेंतील चांचणी मागें पडली. ही झांक आजहि निदानाची खूण आहे.

परंतु झांक प्रथिनाचा प्रकार सांगत नाहीं. १९७१ मध्यें ग्लेनर व सहकाऱ्यांनीं एका प्रकारांत तें रक्तांतील प्रतिपिंडाचाच तुकडा असल्याचें दाखविलें. त्या प्रकारास रसायनोपचार लागतो. ट्रान्सथायरेटिनच्या प्रकारांत तोच उपचार व्यर्थ, शिवाय अपायकारक. म्हणून प्रथिन ओळखल्यावांचून औषध ठरवितां येत नाहीं.