महेश कोठारे

महेश कोठारे हे मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक व अभिनेते आहेत. विनोद, रहस्य आणि अद्भुत यांची सांगड घालणारे, बालप्रेक्षकांनाही आवडणारे चित्रपट ही त्यांची ओळख होय. मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून ओळखला जाणारा ‘झपाटलेला २’ (२०१३) हे दोन्ही त्यांनीच दिग्दर्शित केले.

प्रारंभिक कारकीर्द

रंगभूमीवरील अभिनेते अंबर कोठारे हे त्यांचे वडील. महेश यांनी बालकलाकार म्हणून ‘छोटा जवान’ (१९६३) या मराठी चित्रपटात काम केले. ‘राजा और रंक’ (१९६८) या हिंदी चित्रपटात त्यांची दुहेरी भूमिका होती. ‘धुमधडाका’ (१९८५) या चित्रपटाने ते निर्माता-दिग्दर्शक झाले. त्यात त्यांच्यासह अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. पुढे ‘दे दणादण’ (१९८७) व ‘थरथराट’ (१९८९) आले. कोठारे-बेर्डे ही जोडी या काळात लोकप्रिय झाली. ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीत राहणारा इवलासा गंगाराम हे मुख्य आकर्षण होते.

‘झपाटलेला’ आणि तात्या विंचू

‘झपाटलेला’ (१९९३) हा कोठारे यांचा सर्वाधिक गाजलेला चित्रपट होय. त्याच्या कथाबीजावर ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची छाया आहे. तात्या विंचू हा गुंड पोलिसांच्या गोळीने घायाळ होतो आणि मरण्यापूर्वी मृत्युंजय मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात सोडतो. हा बाहुला शब्दभ्रमकलेची आवड असलेल्या लक्ष्याच्या हाती पडतो. पुन्हा मनुष्यदेह मिळविण्यासाठी तात्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरावे लागणार असते. मात्र लक्ष्याच्या सांगण्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. चित्रपटातील भय आणि विनोद दोन्ही या एकाच प्रसंगातून निर्माण होतात.

हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडविला. मानवी रूपातील तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली व बाहुल्यालाही त्यांनीच आवाज दिला. जपानमध्ये तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांनी ‘गोजिरा’पासून (१९५४) रबरी पोशाखातील नटाकडून महाकाय राक्षस साकारून घेतला होता. कोठारे यांनी भयासाठी आकाराने लहान, पण प्रेक्षकांच्या परिचयाची वस्तू निवडली. पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावामुळे बोलका बाहुला महाराष्ट्राला आधीच ठाऊक होता. करमणुकीचे हे साधन वैऱ्यासारखे वागू लागते, यातच तात्याच्या परिणामाचे मर्म आहे. खर्चिक देखाव्यांवाचूनही मराठी पडद्यावर अद्भुतपट उभा राहू शकतो, हे या चित्रपटाने दाखविले. ‘खिलौना बना खलनायक’ (१९९५) या नावाने तो हिंदीत आला.

पुढील काळ

‘माझा छकुला’ (१९९४) या चित्रपटातून त्यांचे पुत्र आदिनाथ यांनी पदार्पण केले. ‘पछाडलेला’मध्ये (२००४) भरत जाधव व श्रेयस तळपदे या तरुण नटांसह कोठारे यांनी भुताटकीचा विनोदी विषय हाताळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. ‘झपाटलेला २’मध्ये तात्या विंचू परतला, या वेळी नायक आदिनाथ होते. दूरचित्रवाणीवर कोठारे यांच्या संस्थेने खंडोबाच्या आख्यानावरील ‘जय मल्हार’ (२०१४–१७) ही मालिका निर्माण केली.