विश्रामबाग वाडा : राजवाडा, पाठशाळा आणि कचेरी

धुळे-जळगावहून पुण्यास जाणारे आपले बांधव शनिवारवाडा आवर्जून पाहतात. तेथून थोड्याच अंतरावर, बाजीराव रस्त्यावर उभा असलेला विश्रामबाग वाडा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मुळात निवासासाठी बांधलेली ही वास्तू पुढे शाळा झाली आणि त्यानंतर नगरपालिकेची कचेरी. जुन्या शालेय इमारतींचे काय करावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांनी हा वाडा अवश्य अभ्यासावा.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी १८०७ च्या सुमारास हा वाडा बांधून घेतला. त्यासाठी सुमारे दोन लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. शनिवारवाड्याप्रमाणे येथे तट-बुरूज नाहीत. हे विसाव्याचे घर आहे, गढी नव्हे. रस्त्यावर पुढे आलेला लाकडी सज्जा ही त्याची ओळख. सज्जाला आधार देणाऱ्या खांबांवर व तीरांवर बारीक कोरीवकाम आहे. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब आणि त्यांच्या माथ्याजवळची केळफुलाची नक्षी ही पेशवाई सुतारकामाची खास खूण होय. इमारतीचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा पेलतो. आत चौक असून भोवतालच्या दालनांना उजेड व वारा त्या चौकांतून मिळतो. वरच्या मजल्यावरचे दरबारी दालन लांबलचक आहे व त्यात खांबांच्या रांगा आहेत.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. खानदेशही त्याच वर्षी कंपनीच्या अमलाखाली आला. १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, तिच्या निधीतून तिचा खर्च चाले. प्रसिद्ध ग्रंथकार कृष्णशास्त्री चिपळूणकर हे येथलेच विद्यार्थी. पुढे मेजर थॉमस कँडी पाठशाळेचे प्रमुख झाले. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हेच कँडी. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनीच पूर्ण केला. आज आपण प्रार्थनापुस्तकात स्वल्पविरामापाशी थांबतो, त्याचा एक धागा या वाड्यापर्यंत जातो. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र येऊन पूना कॉलेज झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले व ते १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. वाड्यात सरकारी हायस्कूल भरत राहिले.

१३ मे १८७९ च्या रात्री वाड्याला आग लागली. त्याच रात्री बुधवार वाडाही पेटला व पूर्णपणे नष्ट झाला. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड तेव्हा चालू असल्याने पहिला संशय त्या दिशेला गेला. विश्रामबागेचा काही भाग जळाला. लोकवर्गणीच्या साह्याने तो पुन्हा उभारण्यात आला. बुधवार वाडा मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

१९३० पासून १९५९ पर्यंत येथे पुणे नगरपालिकेची, व १९५० नंतर महानगरपालिकेची, कार्यालये होती. शाळेची इमारत कचेरीला सहज मानवते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वर्गासाठी मोकळी असलेली मोठी दालने कामाच्या मेजांनाही चालतात, हे खरे. परंतु खांबांच्या रांगांमध्ये आडभिंती घातल्या की चौकातला वारा अडतो. दप्तरांच्या कपाटांचे वजन लाकडी तक्तपोशीवर एकाच जागी वर्षानुवर्षे पडते. विजेच्या तारा जुन्या सागवानावरून नेणे तर सर्वांत धोक्याचे, आणि ज्या वास्तूने एकदा आग सोसली आहे तिच्या बाबतीत हा धोका कोणी हलका मानू नये. उलट, माणसांचा रोजचा वावर असला की गळके छप्पर लगेच लक्षात येते. कुलूपबंद वाड्याला वाळवी अधिक वेगाने खाते. म्हणून कचेऱ्यांनी वाड्याचे केवळ नुकसानच केले, असे आम्हांस म्हणवत नाही.

पुढे महानगरपालिकेने टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाती घेतली आणि पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शनही वाड्यात मांडले. सज्जा रस्त्यावरूनच दिसतो. दरबारी दालनातील सुरूचे खांब पाहायचे तर जिना चढून वर जावे लागते.