गणती आणि मागोवा : पवन मावळातील कुटुंबांच्या निमित्ताने

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत आकड्यांचे एक पान असावयाचेच. आरंभी इतकी कुटुंबे होती, आज इतकी आहेत; इतके बाप्तिस्मे झाले, इतके विवाह लागले, इतक्यांस मूठमाती दिली. हे पान आम्हांसही प्रिय आहे व ते वाचून मंडळींचा ऊर भरून यावा ह्यात वावगे काही नाही. तथापि आकड्यांच्या अंगी एक खोड आहे, ती आरंभीच सांगितलेली बरी. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या वाडीत चाळीस घरे होती व आजही चाळीसच आहेत असे समजा. कागद पाहणारा म्हणेल की वाडी होती तशीच आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी पंधरा घरे कायमची उठून गेली असतील, दहा घरांत भावाभावांच्या वाटण्या होऊन त्यांची वीस झाली असतील, व पाच घरे बाहेरून आलेल्यांची असतील. बेरीज पुन्हा चाळीसच! जी पंधरा घरे गेली ती सुखाने गेली की उपासमारीने, हे बेरीज सांगत नाही. ते कळण्यास त्याच घरी, त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जावे लागते. समाजाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी गेल्या सव्वाशे वर्षांत हे काम कसे केले, ह्याचा थोडा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो. व तो ठेवताना आमच्या डोळ्यांसमोर आपले पवन मावळ आहे.

तिकोणा पेठेचेच पाहा. तिकोणा, ज्यास वितंडगड असेही म्हणतात, त्या किल्ल्याच्या पायथ्याची ही वस्ती. माथ्यावर उभे राहिले म्हणजे एका अंगास लोहगड व विसापूर, दुसरीकडे तुंग, व मध्ये पवनेच्या धरणाचे पाणी पसरलेले दिसते. येथल्या घराचा हिशेब मुळातच अवघड. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मावळच्या तरुणास मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईत घरच्या जेवणाचे डबे पोहोचविण्याचा धंदा १८९० च्या सुमारास सुरू झाला असे सांगतात. तो मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या बाजूच्या माणसांनीच वाढविला. कमावता हात तिकडे गाळ्यात, म्हातारे आईबाप, मुले व भाताची खाचरे इकडे. खानेसुमारीचा कारकून आला म्हणजे एकाच संसाराची दोन ठिकाणी दोन कुटुंबे लिहिली जावयाची. चूल दोन ठिकाणी, पण पोट एक, हे त्याच्या छापील रकान्यात बसावे कसे?

पुढे धरण झाले. १९७२ च्या सुमारास पवनेचे पाणी अडले आणि नदीकाठची सुपीक खाचरे त्याखाली गेली. अशा वेळी सरकारदरबारी जी यादी होते ती खातेदारांची. खाते म्हणजे घर नव्हे, हे मावळातील लहान पोरासही ठाऊक आहे. एका खात्यावर तीन भाऊ नांदत असतात. कूळ असते, त्याचे नाव कागदावर असेलच असे नाही. वाट्याने राबणारा असतो, शेताच्या आधाराने जगणारा बलुतेदार असतो. यादी एकदा झाली की तिथेच थिजते, माणसे मात्र वाढतात, वाटली जातात, पांगतात. त्या वेळी एक खाते होते तेथे आज पाच-सहा संसार हक्क सांगू लागले, तर त्यात खोटेपणा नाही. तीन पिढ्यांचा तो साधा गुणाकार आहे. पाण्याचा हा प्रश्न किती जिव्हारी लागलेला आहे हे ९ ऑगस्ट २०११ रोजी दिसून आले. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन तीन शेतकरी प्राणास मुकले.

आता ह्याच पवनेच्या काठाने खाली उतरू, म्हणजे आमच्या विषयाचे मूळ सापडेल. पिंपरीच्या समोर, नदीच्या पलीकडे पिंपळे सौदागर आहे. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत व त्यांच्या नळांस पवनेचेच पाणी येते. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते एक शेतकरी खेडे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचे घर न् घर पाहिले, व १९१७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी मागचाही हिशेब लावला. १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ साली ते साडेसतरा एकर झाले. १९१४-१५ साली अवघे ७ एकर उरले. त्यांनी तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या उत्पन्नावर नीट उभी होती, २८ बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे तगत होती, व उरलेली ६७ सर्व मिळकत धरूनही खर्चास पुरी पडत नव्हती. हिंदुस्थानातील खेड्याकडे अशा बारकाईने पाहण्याचे हे अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय.

आणखी एक गोष्ट त्या गावाच्या वाट्यास आली, जी फारच थोड्या गावांच्या वाट्यास येते. श्री. डिसकळकर ह्यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली व ती १९६० साली मुंबईच्या भारतीय कृषि-अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केली. पुण्यातील गोखले संस्थेनेही असेच केले. प्रा. धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७ साली पुणे शहरातील कुटुंबांची पाहणी झाली, आणि पुढे १९५३-५४ साली त्याच शहराची पुन्हा पाहणी करण्यात आली. दुसऱ्यांदा जाण्याचे महत्त्व आपल्या प्रांतातील विद्वानांनी फार लवकर ओळखले होते, हे आम्हांस अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

तथापि गावास पुन्हा भेट देणे वेगळे व माणसाचा माग ठेवणे वेगळे. इंग्लंडात यॉर्क शहरी १८९९ साली सीबोम राऊंट्री ह्यांनी मजुरांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की गरिबी आयुष्यभर सारखी नसते. लहानपणी, पदरी लहान मुले असताना, व म्हातारपणी अशी तीन वेळा तंगी यावयाची, मध्ये थोडी उसंत. म्हणजे आज सुस्थितीत दिसणारा उद्या खाली जाईल, व आजचा गरजू पूर्वी असा नव्हता. हे एका दिवसाच्या मोजणीत दिसणे शक्य नाही.

ह्या जातीचा सर्वांत चिकाटीचा उद्योग आपल्याच राज्यात झाला. हैदराबादजवळील इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ साली सहा कोरडवाहू गावे निवडली. त्यांपैकी चार महाराष्ट्रातील : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा. प्रत्येक गावी ४० घरे; त्यांत दहा भूमिहीन मजुरांची, बाकीची लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा माणूस गावातच राही व तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन काय पिकले, काय विकले, काय खाल्ले, कोणाचे देणे झाले, हे लिहून घेई. हे दहा वर्षे चालले, पुढे खंड पडला, व २००१ पासून पुन्हा सुरू झाले. ज्याने असे काम केले त्याच्या पायांस आमचा नमस्कार! तीनशे साठ घरांवर एकदा जाणे सोपे, एका घरी तीनशे साठ वेळा जाणे कठीण.

ह्या वह्यांतून जे निघाले ते मोठे बोलके आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाऊन्सेंड ह्यांनी १९९४ साली दाखविले की, एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी पार बसले तरी त्याच्या पोटापाण्याचा खर्च तेवढा बसत नाही. तो साऱ्या गावाच्या बऱ्यावाइटाबरोबर वरखाली होतो. उसनवार, भाऊबंदकी (तिच्या चांगल्या अर्थाने) व शेजारधर्म घरास सावरून धरतात; भूमिहीनांस मात्र हे सावरणे कमी मिळते. त्यापूर्वी १९८९ साली रोझेन्झ्वाइग व स्टार्क ह्या दोघांनी त्याच वह्या चाळून सोयरिकीचे कोडे उलगडले. ज्या घरांचे उत्पन्न पावसाच्या लहरीवर अधिक हेलकावे खाई, ती घरे मुली लांबच्या गावी देत. कारण एका ठिकाणी दुष्काळ पडला तरी व्याह्याच्या गावी पाऊस पडलेला असण्याचा संभव असतो. आपल्या आज्यांस हे ग्रंथावाचून ठाऊक होते, असे एखादी भगिनी म्हणेल. आमचे तिच्याशी भांडण नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. पुन्हा गेले असता जो सापडत नाही त्याचे काय? बहुतेक अभ्यासक त्याच्या नावापुढे फुली मारून पुढे जात. आफ्रिकेत टांझानियाच्या कागेरा प्रांतात १९९१ ते १९९४ ह्या काळात ९१५ कुटुंबांची पाहणी झाली होती. २००४ साली अभ्यासकांनी हट्ट धरला की पूर्वीची जी माणसे हयात आहेत त्यांस जेथे असतील तेथे गाठावयाचे. त्यांच्या त्या ९१५ घरांची आता अडीच हजारांहून अधिक घरे झालेली होती! हिशेब केला तेव्हा दिसले की गाव सोडून गेलेल्यांच्या राहणीमानात जी वाढ झाली, ती मागे राहिलेल्यांच्या वाढीहून ३६ टक्क्यांच्या फरकाने अधिक होती. गावी राहिलेल्यांसच मोजले असते तर निम्मी कथा कायमची हरवली असती. मावळच्या बाबतीत ह्याचा अर्थ उघड आहे : मुंबईस, पिंपरीस, तळेगावच्या कारखान्यांत गेलेल्यांस वगळून मावळचा इतिहास लिहिता येणार नाही.

व्यक्तीच्या आयुष्याचा असाच मागोवा पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून घेतला गेला आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी गरोदर होण्यापूर्वीपासून स्त्रियांची मापे घेतली व पुढे त्यांची मुले वाढेपर्यंत माग सोडला नाही. जन्मतः ही बाळे सरासरी २.७ किलोंची, दिसावयास हडकुळी. परंतु त्या मानाने अंगी चरबी अधिक. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की गरोदरपणी ज्या मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. आईने शेतात भोगलेली कमतरता मुलाच्या रक्तात उतरते, हे तीच मुले पुन्हा पुन्हा तपासल्याविना कोण सांगू शकला असता?

ह्या शास्त्रास आमच्या कपाटातील जुन्या वह्यांचाही हातभार लागलेला आहे. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वसभेने विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात घरवार माणसांची यादी ठेवण्याचाही नमुना आहे. १९०७ च्या आज्ञेनुसार विवाह जेथे लागेल तेथून बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळवून मूळ नोंदीच्या समासात तो लिहावयाचा. हा नियम आजही पाळला जातो. म्हणजे वसईत जन्मलेल्या मुलीचे लग्न लोणावळ्यास लागले तर तिच्या आयुष्याचे दोन्ही धागे एका ओळीत येतात. इंग्लंडात अँग्लिकन धर्मग्रामांच्या अशाच वह्यांवरून केंब्रिजचे टोनी रिग्ली ह्यांनी १९६६ साली कॉलिटन गावची कुटुंबे एकेक जुळवून उभी केली. जुन्या काळी मुली कोवळ्या वयात उजवल्या जात ही समजूत तेथे तरी खोटी ठरली. सोळाव्या-सतराव्या शतकांत वधूचे सरासरी वय सत्तावीस होते. परंतु दोष तोच. गाव सोडून गेलेल्याची पुढील ओळ त्या वहीत नाही, आणि आमच्याही समासात एखादे घर का उठले ह्यास जागा नाही.

पवन मावळाची अशी वही उघडावयाची झाल्यास खातेदाराच्या नावाने उघडून चालणार नाही. चुलीच्या नावाने उघडावी लागेल. तीत कुळाची चूल यावी, मुंबईच्या गाळ्यातील स्टोव्ह यावा, खेडकडे गेलेला भाऊ यावा, जलाशयाकाठी तंबू भाड्याने देणारा नातूही यावा. पाणी चढले तेव्हा जे तिशीत होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. कोणत्या खाचरात कोण राबत होते व तेथून उठून प्रथम कोठे गेले, हे नावानिशी सांगणारे तेच आहेत.