भूल देणाऱ्या परिचारिका

मराठीतला 'भूल' हा शब्द मला फार आवडतो. भूल पडणे म्हणजे विसर पडणे, भूल घालणे म्हणजे मोहून टाकणे, भूलचूक म्हणजे नकळत झालेली चूक, आणि ऑपरेशनच्या आधी देतात ती भूल. इंग्रजीतला अ‍ॅनेस्थेशिया हा शब्द ग्रीक वळणाचा. त्याचा अर्थ संवेदना नसणे, एवढाच. आपला शब्द त्याहून बोलका आहे. त्यात विसरही आहे, मोहिनीही आहे आणि चुकीची धास्तीही आहे.

हे सगळे डोक्यात यायला कारण झाली माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती अमेरिकेत नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आली तेव्हा घरी भेटायला आली होती. मी सहज विचारले, "तुझं काम नेमकं काय गं?" ती म्हणाली, "बाई, मी सेडेशन नर्स आहे. दुर्बिणीतून आतडं तपासतात ना, तेव्हा पेशंटला गुंगी देते आणि त्याच्याकडे बघत बसते." मी म्हटले, "नुसतं बघत बसतेस?" ती हसली. म्हणाली, "हो बाई, मुख्य काम तेच. डॉक्टर पडद्याकडे बघतात, मी माणसाकडे बघते."

आपल्याकडे भूल देणे हे डॉक्टरचे काम. त्यामुळे नर्सने गुंगीचे औषध द्यायचे हे मला नवलाचे वाटले. तिने समजावून सांगितले की ही पूर्ण भूल नव्हे. माणूस हाक मारली तर ओ देतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो, फक्त भीती आणि दुखणे त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. औषध डॉक्टरच्या हुकमानुसार द्यायचे. पूर्ण भूल देणाऱ्या नर्सेस अमेरिकेत वेगळ्या असतात, त्यांचे शिक्षणही बरेच जास्त असते. ती गेल्यावर मी जुन्या सवयीने ह्या विषयाचा इतिहास शोधून वाचू लागले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, ती खोड जात नाही. वाचले ते वाचकांना सांगावेसे वाटते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगवला आणि त्याच्या मानेवरची गाठ काढली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन ह्यांनी क्लोरोफॉर्म आणला. हा वापरायला सोपा, वास गोड, माणूस लवकर झोपतो. पण २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच दगावली. तिच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते, इतकेच. वेदना थांबवणारे औषध जीवही घेऊ शकते हे जगाला कळले.

इंग्लंडात जॉन स्नो ह्यांच्यासारख्या डॉक्टरांनी ह्या विषयाचा बारकाईने अभ्यास केला. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तो ह्याच स्नोंनी. त्यामुळे तिकडे हे काम डॉक्टरांकडे राहिले. अमेरिकेत तसे झाले नाही. तिथे भूल द्यायचे काम बहुधा शिकाऊ डॉक्टरावर पडे. त्याला त्यात ना मान ना पैसा. त्याचे सगळे लक्ष शल्यविशारदाच्या हाताकडे, कारण त्याला स्वतःला उद्या तेच करायचे होते. ईथरचा रुमाल हातात आणि नजर सुरीवर, अशी अवस्था. मग रुग्ण निळा पडला तरी ते वेळेवर दिसत नसे.

ह्यावर काही शल्यविशारदांनी आणि धर्मादाय इस्पितळांनी तोड काढली ती परिचारिकेची. १८७७ साली पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात सिस्टर मेरी बर्नार्ड ह्या जोगिणीने हे काम हाती घेतले. परंतु ह्या कामाला खरा लौकिक मिळाला तो मिनेसोटातल्या रॉचेस्टर ह्या लहान गावी. १८८३ च्या भीषण वावटळीनंतर तिथल्या फ्रान्सिस्कन सिस्टरांनी इस्पितळ बांधायचे ठरवले आणि १८८९ मध्ये ते उघडले. तिथले डॉक्टर म्हणजे मेयो पितापुत्र. त्यांच्याकडे ईडिथ ग्रॅहम नावाची शिकलेली नर्स आली. तिला भूल द्यायला शिकवले. १८९३ मध्ये तिचे लग्न धाकट्या मेयोंशी, म्हणजे चार्ल्स ह्यांच्याशी झाले आणि तिचे काम थांबले. तिच्या जागी तिचीच मैत्रीण आली, अ‍ॅलिस मगॉ.

अ‍ॅलिस मगॉ हे नाव मी आधी कधी ऐकले नव्हते, आणि वाचकांपैकीही फार थोड्यांनी ऐकले असेल. तिची पद्धत साधी होती. रुग्णाच्या नाकातोंडावर जाळीचा साचा ठेवायचा, त्यावर कापडाच्या घड्या आणि वरून ईथर थेंबथेंब टाकायचा. हवा आपली आत जातच राहते, त्यामुळे रुग्ण गुदमरत नाही. थेंबांची चाल श्वासाकडे बघून कमीजास्त करायची. यंत्र काही नाही. एक बोट नाडीवर, कान श्वासाकडे, डोळे चेहऱ्याच्या रंगाकडे आणि बुबुळांकडे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती रुग्णाशी बोलत असे. आता काय वाटेल, झोप कशी येईल, हे हळू आवाजात सांगत राही. अशा समजावणीने ईथर कमी लागतो हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. आपला 'भूल' शब्द इथे शंभर टक्के लागू पडतो. ती औषधाने निम्मी आणि बोलण्याने निम्मी भूल घालत होती.

१९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला मृत्यू एकही नाही. रक्तदाब मोजायची सोय नीटशी रुळली नव्हती, हृदयाचा आलेख टेबलापाशी काढता येत नव्हता, अशा काळातला हा आकडा आहे. दुरून दुरून शल्यविशारद मेयोंची शस्त्रक्रिया पाहायला येत आणि परत जाताना अ‍ॅलिसची पद्धत शिकून जात. चार्ल्स मेयो तिला 'भूलशास्त्राची माता' म्हणत. १९०८ मध्ये तिचे लग्न झाले आणि तिचेही काम थांबले. त्या काळचा रिवाजच तसा होता, इकडेही आणि तिकडेही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. परिचारिकांना हे काम देण्यामागे निव्वळ गुणग्राहकता होती असे नाही. ती मन लावून काम करील हे खरे, पण त्याबरोबरच ती शल्यविशारदाच्या जागेवर डोळा ठेवणार नाही, दुय्यम जागेत समाधान मानील आणि कमी पगारात राबेल, हा हिशेबही होता. जे गुण म्हणून गौरवले तेच तिला स्वस्त ठेवायला उपयोगी पडले. शिक्षिकेच्या नोकरीत मी हे जवळून पाहिले आहे. 'बाई मुलांना फार जीव लावतात' ह्या कौतुकानंतर पगारवाढीचा विषय काढणे अवघड होऊन बसते. कौतुक खोटे नसते, आणि हिशेबही खोटा नसतो. दोन्ही एकाच वेळी खरे असतात.

ह्या बायका मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. क्लीव्हलंडच्या लेकसाइड इस्पितळात डॉ. जॉर्ज क्राइल ह्यांच्याबरोबर अ‍ॅगाथा हॉजिन्स काम करीत. पहिल्या महायुद्धात ही मंडळी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी काम करून आली. हॉजिन्सबाईंनी तिथेही भूल दिली आणि दुसऱ्यांना शिकवलीही. १९१५ मध्ये लेकसाइडला परिचारिकांसाठी भूल शिकवणारी शाळा सुरू झाली. तोवर भूल देणे हा डॉक्टरांमध्येही प्रतिष्ठेचा विषय होऊ लागला होता. १९१६ मध्ये ओहायोच्या वैद्यक मंडळाने लेकसाइडला परिचारिकांकडून भूल देणे बंद करा असे फर्मावले. पुढे ते मागे घ्यावे लागले. केंटकी राज्यात मार्गारेट हॅटफील्ड ही परिचारिका डॉ. लुई फ्रँक ह्यांच्याबरोबर काम करी. तिथला वाद कोर्टात गेला. १९१७ मध्ये निकाल लागला की शल्यविशारदाच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे हा बेकायदा वैद्यकीय व्यवसाय नव्हे. कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन हिच्यावर असाच दावा झाला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९३६ मध्ये तिच्या बाजूने सुटला. दरम्यान १९३१ मध्ये हॉजिन्सबाईंनी परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. ती आजही आहे.

आपल्या बाजूची एक आठवण इथे सांगितलीच पाहिजे. मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले. खर्च निजामाचा, पुढाकार डॉ. एडवर्ड लॉरी ह्यांचा. लॉरींचे म्हणणे होते की नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा, मग क्लोरोफॉर्म निर्धोक आहे. क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके एकदम बिघडून माणूस जाऊ शकतो हे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही ह्यांनी दाखवले आणि लॉरींचा निष्कर्ष अपुरा ठरला. पण श्वासावर नजर ठेवा हा त्यातला उपदेश मात्र टिकला. ह्याच लॉरींच्या वैद्यक शाळेत रूपाबाई फर्दुनजी शिकल्या. त्या परिचारिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. क्लोरोफॉर्म देण्यात त्यांनी नाव मिळवले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्या कधी आल्या नाहीत.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या कामाकडे येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्बिणीच्या तपासण्या, हृदयाच्या नळ्यांच्या तपासण्या वाढल्या. ह्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होऊ लागल्या. त्यांना पूर्ण भूल नको, गुंगी पुरे. १९८५ च्या अखेरीस अमेरिकेत मिडॅझोलम ह्या औषधाला मंजुरी मिळाली. हे लवकर चढते, लवकर उतरते आणि तपासणीची आठवणही पुसून टाकते. डॉक्टरांना ते आवडले. परंतु ते आधीच्या डायझेपामपेक्षा अंदाजाहून बरेच जोरकस निघाले. रुग्णांचा श्वास थांबल्याच्या आणि मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. १९८८ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याची सुनावणी झाली. औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा आला, मात्रा कमी करायला सांगितले गेले. १९९१ मध्ये त्याचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल हे औषधही मंजूर झाले.

मला ह्यात इतिहासाची पुनरावृत्ती दिसते. तपासणी करणारा दुर्बिणीत गुंतलेला, मदतनीस त्याला हत्यारे देण्यात गुंतलेला, आणि गुंगीतल्या माणसाकडे बघायलाच कोणी नाही. १८८० च्या दशकात ईथरचा रुमाल हातात धरून सुरीकडे बघणारा शिकाऊ डॉक्टर आणि १९८० च्या दशकातली ही खोली, ह्यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण उणीव एकच. त्यानंतर जे नियम झाले त्यांचा गाभा असा की रुग्णावर लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळी हवी. सेडेशन नर्सची जागा अशी पक्की होत गेली.

तिच्या हाताशी आता यंत्रे आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनाच्या साथीत आपल्या घराघरांत आला. त्यामागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ मध्ये शोधले. योगायोग असा की ते एप्रिल २०२० मध्ये, ऐन साथीत वारले. मी माझ्या विद्यार्थिनीला म्हटले, "मग यंत्र असताना तुझी काय गरज?" ती म्हणाली, "बाई, नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगला दिसतो. यंत्र ओरडेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं दुसरं यंत्र लावतो. आणि तरीही मी छातीकडे बघते, नाव घेऊन हाक मारते."

नाव घेऊन हाक मारणे हे अ‍ॅलिस मगॉच्या कामाचेच पुढचे टोक आहे. तिने बोलून झोपवले, ही बोलून तपासते. ओ आली की माणूस आहे तिथे आहे, नाही आली की औषध थांबवायचे, मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायचा आणि मदत बोलवायची.

अशा कामाची अडचण अशी की ते उत्तम झाले की सांगण्यासारखे काही उरत नाही. तपासणी झाली, माणूस जागा झाला, चहा बिस्किटे खाऊन घरी गेला. त्याला नर्सचा चेहराही आठवत नाही, कारण ते औषधच आठवण पुसणारे. इतिहासात नोंद होते ती हॅना ग्रीनरची, न मेलेल्या चौदा हजारांची नावे कोण लिहिणार? अ‍ॅलिस मगॉने ती संख्या तरी लिहून ठेवली, नाहीतर तीही कळली नसती. म्हणून मी माझ्या विद्यार्थिनीला निघताना एक वही दिली. तिला म्हटले, "रोज संध्याकाळी फक्त आकडा लिहीत जा, किती माणसं घरी गेली त्याचा." नावे लिहायची नाहीत, ते नियमात बसणार नाही. परवा तिचा फोन आला होता. वही निम्मी भरली आहे म्हणाली.