प्रोसेसर अनेक, मोजमाप एक

संगणक संथ चालू लागला की दोष कोणाचा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नसते. स्मृती अपुरी आहे, प्रोग्राम निष्काळजीपणे लिहिला आहे, की प्रोसेसरच कमी पडतो आहे? केवळ अंदाजाने दुरुस्ती केली तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. म्हणूनच प्रोसेसर बनविणाऱ्या कंपन्यांनी चिपच्या आतच छोटी मोजणीयंत्रे बसविली. त्यांना ‘परफॉर्मन्स काउंटर’ म्हणतात. किती आज्ञा पार पडल्या, हवी ती माहिती जवळच्या ‘कॅश’ स्मृतीत किती वेळा सापडली नाही, प्रोग्रामची पुढची वाट कोणती याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज किती वेळा चुकला, याची गणती हे काउंटर करतात.

काउंटरचा खरा उपयोग नुसत्या बेरजेत नाही. जुन्या मोटारीतील किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई, तसाच हा काउंटरही भरला की शून्यावर येतो आणि त्या क्षणी प्रोसेसरला हाक मारतो. दर एक लाख चुकांनंतर तो भरेल अशी सुरुवात करून दिली, तर प्रत्येक हाकेच्या वेळी प्रोग्राम नेमका कुठे होता हे टिपता येते. अशा हजारो नोंदी जमल्या की वेळ खाणारा भाग आपोआप उघडा पडतो. हे टिपण्याचे काम ‘कर्नल’ करतो. कर्नल म्हणजे हार्डवेअरचा ताबा असलेला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

अडचण अशी की प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची मोजणीयंत्रे निराळी. इंटेलच्या १९९३ च्या पेंटियममध्ये दोन काउंटर होते आणि त्यांची माहिती गुप्ततेचा करार करणाऱ्यांनाच मिळे. टेर्ये माथिसेन या नॉर्वेच्या प्रोग्रामरने ती शोधून काढून १९९४ मध्ये ‘बाइट’ मासिकात जाहीर केली. पुढे पेंटियम ४ मध्ये काउंटरची संख्या १८ वर गेली. ‘एआरएम’च्या कॉर्टेक्स-ए८ मध्ये एक चक्रांचा आणि चार इतर घटनांचे. लिनक्ससारखा कर्नल तर डझनाहून अधिक घराण्यांवर चालतो. मग प्रत्येकासाठी मोजणीचा प्रोग्राम स्वतंत्र लिहायचा, की सामाईक भाग वेगळा काढून एकदाच लिहायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात लिनक्सची दोन दशके गेली.

पहिला मोठा प्रयत्न ‘ओप्रोफाइल’चा. जॉन लेव्हन यांचे हे काम २००२ मध्ये मूळ कर्नलमध्ये आले. नोंदी साठविण्याचा भाग त्यात सामाईक होता. काउंटर हाताळण्याचा भाग मात्र ज्याचा त्याने लिहायचा. त्याच काळात स्वीडनमधील उपसाला विद्यापीठात मिकाएल पेटरसन ‘परफसीटीआर’ सांभाळत होते, तर ह्यूलेट-पॅकार्डमधील स्टेफान एरानियन यांनी ‘परफमॉन’ उभे केले होते. परफमॉनला इटॅनियम प्रोसेसरपुरती मूळ कर्नलमध्ये जागा मिळाली. परंतु सर्व घराण्यांसाठी लिहिलेली त्याची दुसरी आवृत्ती वर्षानुवर्षे दाराबाहेरच राहिली. कोणत्या घटनेसाठी कोणता काउंटर वापरावा हे कर्नलबाहेरच्या एका लायब्ररीने ठरवावे, कर्नलने फक्त आकडे इकडून तिकडे पोचवावेत, अशी तिची मांडणी होती.

डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी अचानक नवा आराखडा पुढे ठेवला. त्यांचे म्हणणे अगदी उलट होते. वापरणाऱ्याने ‘मला चुका मोजायच्या आहेत’ एवढेच सांगावे. काउंटरची वाटणी कर्नलने करावी. वर्षे खर्ची घातलेल्या मंडळींना हे रुचणे कठीणच होते. पॉवरपीसीची बाजू सांभाळणारे पॉल मॅकेरास यांनी आरंभी गंभीर शंका काढल्या, कारण पॉवरपीसीत अमुक घटना अमुकच काउंटरवर मोजता येते, अशी बंधने फार. पुढे त्यांनीच ही व्यवस्था पॉवरपीसीवर आणली. सप्टेंबर २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ बरोबर ती मूळ कर्नलमध्ये दाखल झाली. तिचे आजचे नाव ‘पर्फ’.

पर्फमधील वाटणी पाहण्यासारखी आहे. कोणाला मोजणीची परवानगी आहे, प्रोग्राम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर गेला तर मोजणी त्याच्याबरोबर कशी न्यायची, काउंटर चार आणि मागण्या दहा असल्या तर पाळी कशी लावायची आणि अपुऱ्या वेळेच्या मोजणीवरून पूर्ण आकड्याचा अंदाज कसा काढायचा, हे सारे सामाईक. प्रत्येक घराण्याने फक्त मोजकी कामे पुरवायची: घटना तपास, काउंटरवर लाव, सुरू कर, थांबव, वाच, काढून घे. सोबत एक तक्ता, ज्यात सर्वसाधारण नावापुढे त्या प्रोसेसरचा सांकेतिक क्रमांक.

या तक्त्यातच एक मेख आहे. ‘कॅशमध्ये न सापडणे’ हे नाव सर्वत्र एक. पण इंटेलवर ते सर्वांत बाहेरच्या कॅशचा आकडा देते, तर एआरएमवर बहुधा सर्वांत जवळच्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘हा प्रोसेसर बरा’ असे म्हणणे म्हणजे शेर आणि किलो एकाच पारड्यात घालणे होय. एकच नाव असूनही मोजली जाणारी वस्तू निराळी असल्याची टीका आरंभापासून होत आली आणि ती रास्तच आहे.

एकत्रीकरणाचा लाभ लवकर दिसला. २०१० मध्ये एआरएमने ओप्रोफाइलसाठीचा आपला जुना भाग काढून तो पर्फवर बसविला. पाठोपाठ मॅट फ्लेमिंग यांनी तोच तुकडा सामाईक करून ‘सुपरएच’ घराण्यालाही दिला.

सामाईक भाग सामाईक चूकही वाटतो, याचा अनुभव २०१३ मध्ये आला. घटनेचा क्रमांक ६४ बिटांचा असताना एका ठिकाणी तो ३२ बिटांचा, तोही ऋण होऊ शकणारा, असा वाचला जात होता. क्रमांक फार मोठा नाही ना, एवढेच तपासले जाई. ऋण आकडा दिला की तपासणी निमूट पार होई आणि कर्नलच्या स्मृतीतील भलत्याच जागी फेरफार होई. चूक हार्डवेअरच्या काउंटरशी संबंधित नव्हती, सर्वांच्या सामाईक भागात होती. त्यामुळे ज्या यंत्रात काउंटर नाहीत तेही सुरक्षित नव्हते. ‘ट्रिनिटी’ या यादृच्छिक मागण्यांचा मारा करणाऱ्या साधनाने चाचणी घेताना टॉमी रांताला यांना ती सापडली. एप्रिलमध्ये दुरुस्ती झाली, तरी मे महिन्यात साध्या वापरकर्त्याला संगणकाचा मालक बनविणारा प्रोग्राम उघडपणे फिरू लागला, कारण दुरुस्ती सर्व सर्व्हरवर पोचलेली नव्हती. दुरुस्ती केवढी, तर एका ओळीतील प्रकार बदलणे! ती एका जागी करताच सर्व घराण्यांना लागू झाली, हेही खरे. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने ही मोजणीची सोय सामान्य अॅपसाठी मुळातच बंद ठेवली.

दरम्यान एआरएमच्या घरातच दोन चुली मांडल्या गेल्या होत्या. ६४ बिटांचे एआरएम २०१२ मध्ये लिनक्समध्ये आले तेव्हा ३२ बिटांच्या मोजणीचा बराच भाग सरळ नकलून घेतला गेला. २०१५ मध्ये हा समान गाभा दोन्ही घराण्यांबाहेर, हार्डवेअरच्या ड्रायव्हरांमध्ये हलविण्यात आला. ओप्रोफाइलचा कर्नलमधील भाग २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ मधून काढून टाकला गेला. विरेश कुमार यांनी ते काम केले. ओप्रोफाइलची बाहेरची साधने तोवर पर्फवरच चालू लागली होती. नव्या ‘रिस्क-फाइव्ह’ घराण्यात काउंटरचा ताबा कर्नलखालच्या फर्मवेअरकडे असल्याने कर्नलला मागणी करावी लागते. तरीही २०२२ मध्ये लिनक्स ५.१८ मध्ये त्याचा ड्रायव्हर पर्फच्याच चौकटीत बसला. आणि २०२३ च्या लिनक्स ६.४ मध्ये ६४ बिटांच्या एआरएमचा मुख्य काउंटर-ड्रायव्हरही त्याच्या खास दालनातून बाहेर आणला गेला, जेणेकरून त्या प्रोसेसरवर ३२ बिटांचा कर्नल चालविणाऱ्यालाही तोच वापरता यावा.