जकातीवर उभे राहिलेले रुग्णालय

सन 1897 च्या फेब्रुवारी महिन्यात, मुंबईत आणि पुण्यात ग्रंथिज्वराने, म्हणजे प्लेगने, थैमान घातले असता, हिंदुस्थान सरकारने घाईघाईने संमत केलेला अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीमुळे 13 मार्च 2020 रोजी पुन्हा अमलात आणला आणि चित्रपटगृहे, व्यायामशाळा व तरणतलाव बंद करण्याचे हुकूम काढले, तेव्हा ज्या मोजक्या शहरांना हे निर्बंध प्रथम लागू झाले त्यांत पिंपरी-चिंचवडचे नाव होते. यातील योगायोगाकडे त्या धांदलीत फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. याच कायद्याच्या छायेत पुण्यात अंमल गाजविणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँडवर 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे; त्यांच्या नावाचा चौक आजही गावाच्या मध्यभागी आहे, आणि टाळेबंदीच्या दिवसांत त्या चौकातूनही त्याच कायद्याच्या आधारे निघालेल्या आदेशांचा पुकारा करीत गाड्या फिरत होत्या.

रँडचा बंदोबस्त आणि महानगरपालिकेचा बंदोबस्त यांत कलमे तीच असली तरी हात निराळे होते. 1897 साली गोरे सोजीर घरात शिरून माजघर आणि देवघर धुंडाळीत, रोग्याला उचलून नेत, घरातील चीजवस्तू रस्त्यावर टाकून जाळीत. ज्यांच्यावर हा अंमल चाले त्यांचा त्यात कोणताही विचार घेतला जात नसे. परिणामी रोगाच्या भीतीपेक्षा कारभाराचा संताप मोठा झाला, आणि त्याची किंमत रँडने, त्याच्यामागून येणाऱ्या आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्याने आणि पुढे फासावर गेलेल्या तिघा सख्ख्या भावांनी मोजली. 2020 साली कायदा राबविणारे आयुक्त सनदी अधिकारीच होते हे खरे. परंतु त्यांच्या शेजारी महापौर होत्या, 128 नगरसेवकांची सभा होती, आणि घरोघर ताप मोजीत फिरणारी आशा स्वयंसेविका बहुधा त्याच गल्लीत राहणारी असे. मूळ कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्याला कोर्टकचेरीपासून अभय दिले होते. एप्रिल 2020 मध्ये वटहुकूम काढून त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर हात उगारणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी. सव्वाशे वर्षांत संरक्षणाची गरज कोणाला भासू लागली, हे त्या एका दुरुस्तीवरून ध्यानात येते.

परंतु शहराचा साथीतील पराक्रम वा पराभव साथ आल्यावर ठरत नसतो. तो ठरतो त्याआधीच्या पन्नास वर्षांच्या जमाखर्चात, आणि पिंपरी-चिंचवडचा जमाखर्च मोठा विलक्षण आहे. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली, 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन तयार करणारी सरकारी कंपनी येथे स्थापन झाली, आणि 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील जिराईत जमिनींवर एकामागून एक कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. अर्थात, ज्या नगरीचा पहिला मोठा कारखानाच औषधाचा, तिच्या नशिबी पुढे साथीशी झुंज यावी, यात विधिलिखित शोधण्याचे कारण नाही. तरीही 2020 मध्ये त्याच वृद्ध कंपनीने जंतुनाशक सॅनिटायझर बनविण्यास घेतले, तेव्हा पिंपरीच्या जुन्या कामगारांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. 11 ऑक्टोबर 1982 रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या संस्थेच्या ऐश्वर्याचा पाया होता जकात. कारखान्यात येणारे पोलाद, रबर, रंग, काच, यंत्राचे सुटे भाग, जे जे नाक्यावरून आत येई त्या प्रत्येकाचा काही अंश नगरीच्या तिजोरीत पडे, आणि ही तिजोरी इतकी भरली की आशिया खंडातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका अशी बिरुदावली शहराने अभिमानाने मिरविली. जकातीवर व्यापाऱ्यांचा राग होता, नाक्यांवरील रांगांना मालमोटारींचे चालक शिव्या देत, आणि त्या कराचे गोडवे गाण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण ज्या गावात धूर निघतो आणि कामगार राहतो त्याच गावाच्या तिजोरीत कारखान्याचा पैसा पडावा, हे एक साधे न्यायतत्त्व त्या करात होते. 2013 मध्ये जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर आणि त्यानंतरचा वस्तू व सेवा कर यांनी ही तिजोरी राज्याच्या अनुदानाशी बांधली. तोवर मात्र तिच्यातून जे व्हायचे ते होऊन गेले होते.

त्यांतील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 1989 मध्ये संत तुकारामनगरात उघडलेले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. शहरात त्याला कोणी पूर्ण नावाने संबोधीत नाही. सारे त्याला वायसीएम म्हणतात. सुमारे 750 खाटांचे हे रुग्णालय एका महानगरपालिकेने आपल्या खर्चाने चालवावे, आणि त्यात शहरातील गरिबाबरोबर मावळ, खेड, मुळशी, जुन्नर, आंबेगाव येथून आलेल्या रुग्णालाही खाट द्यावी, ही महाराष्ट्रात फार थोड्या संस्थांना साधलेली गोष्ट आहे. रुग्णालयाविषयी तक्रारी पुष्कळ, आणि त्यांतील बऱ्याचशा रास्त. तथापि साथीच्या वर्षी रुग्णाला नेऊन ठेवायला काही तरी जागा होती, हे त्याचे मोठे पुण्य.

मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात दुबईच्या सहलीहून परतलेल्या मंडळींबरोबर रोग शहरात आला, आणि 12 एप्रिलला शहरातील पहिला मृत्यू नोंदला गेला. तत्कालीन आयुक्त श्रावण हर्डीकर यांनी प्रथम खराळवाडी, चिखलीचे घरकुल यांसारखे भाग बंद केले आणि पुढे 20 एप्रिलपासून आठवडाभर सारे शहरच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केले. गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, बांबू आडवे बांधले गेले. रुग्णांची आणि खाटांची गणती ठेवण्यासाठी वॉर रूम उघडली. नागरिकांच्या तक्रारींसाठी 2013 पासून चालू असलेली ‘सारथी’ ही व्यवस्था आता विलगीकरणातील माणसांवर नजर ठेवण्याच्या कामी आली. चिंचवडच्या आनंदनगर झोपडपट्टीत मे महिन्यात रोग वेगाने पसरला, तेव्हा पत्र्यांच्या आत कोंडलेल्या माणसांनी अन्नपाण्यासाठी आवाज उठविला आणि ती रस्त्यावर उतरली. दहा फुटांच्या खोलीत सहा माणसे राहत असता त्यांना परस्परांपासून अंतर राखण्याचा उपदेश करणे हा कारभाराचा विनोदच होता. त्या लोकांचा राग मला समजतो, आणि तो कारभाऱ्यांनाही वेळीच समजायला हवा होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात राज्याने लाल क्षेत्रांची नवी यादी काढली तीत पुणे होते, पिंपरी-चिंचवड नव्हते. उद्योजकांनी सुटकेचा श्वास टाकला. टाळेबंदीने गावी गेलेला उत्तर प्रदेश आणि बिहारचा कामगार परतलेला नव्हता, तरी कारखान्यांचे भोंगे टप्प्याटप्प्याने वाजू लागले. ही सवलत महाग पडली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे: जुलै उजाडता उजाडता रुग्णसंख्या इतकी वाढली की 14 ते 23 जुलै असे दहा दिवस पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडही पुन्हा बंद करावे लागले.

याच वर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला आली नाही. जूनमध्ये देहूला प्रस्थान झाले, पादुका देहूतच राहिल्या, आणि 30 जूनला त्या एसटीच्या बसमधून थेट पंढरीला गेल्या. ज्या रस्त्यावर दिंड्यांना पाणी देण्यासाठी कारखान्यांचे कामगार दुतर्फा उभे राहत, त्या रस्त्यावरून ती बस किती मिनिटांत निघून गेली असेल, याचा हिशेब न केलेला बरा.

ऑगस्टच्या अखेरीस नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर सुमारे 800 खाटांचे जंबो रुग्णालय उभे राहिले. क्रीडांगणाला ज्यांचे नाव आहे ते अण्णासाहेब या नगरीच्या संस्थापकांपैकी एक. मांडव, वातानुकूलन, प्राणवायूच्या नळ्या, सारे काही आठवड्यांत घडले. पहिली लाट ओसरल्यावर ते बंद झाले, आणि 2021 च्या मार्चमध्ये दुसरी लाट उसळल्यावर पुन्हा उघडले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, म्हणजे वाहनांच्या सुट्या भागांची परीक्षा करण्यासाठी बांधलेल्या इमारतीत, आणखी 200 खाटा होत्या. ठेक्याने चालविलेल्या त्याच जागी एप्रिल 2021 मध्ये, जी खाट विनामूल्य मिळावयाची तिच्यासाठी मरणोन्मुख रुग्णाच्या नातलगांकडून लाख रुपये घेतल्याचा आरोप महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि अटकाही झाल्या. बांधकामाप्रमाणे रुग्णसेवाही ठेक्याने देता येते, ही आपल्या नगरसंस्थांची जडलेली समजूत. तिचे फळ इतक्या उघडेपणाने क्वचितच दिसले असेल.

आता चाकणकडे वळतो, कारण या कथेचा खरा धडा शहराच्या हद्दीबाहेर, मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या पलीकडे आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी या खेड तालुक्यातील गावांत देशातील अत्यंत मोठे वाहनकारखाने आहेत; पण तेथे महानगरपालिका नाही. चाकणची नगरपरिषद अलीकडची, आणि कारखाने बहुतांशी ग्रामपंचायतींच्या हद्दीत. कामगार भोसरी, मोशी, चिखली येथे झोपतो आणि चाकणला जागतो. रोगही त्याच बसने सकाळी गेला आणि संध्याकाळी परतला. एका बाजूस आयुक्तांचे आदेश, दुसऱ्या बाजूस जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि मध्ये नदी.

एप्रिल 2020 मध्ये महाळुंगे-इंगळे येथे म्हाडाने नव्याने बांधलेल्या इमारतीत 1500 जणांच्या विलगीकरणाची सोय झाली, ती मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या साहाय्याने आणि पुणे जिल्हा परिषदेच्या सहकार्याने. उपक्रम स्तुत्य होता. पण जर्मन मोटारकंपनीच्या दानबुद्धीवर, घरे बांधणाऱ्या मंडळाच्या मोकळ्या इमारतीवर आणि जिल्हा परिषदेच्या तत्परतेवर, अशा तीन आकस्मिक गोष्टींवर लाखो कामगारांच्या मुलखाने विसंबावे, यालाच मी दारिद्र्य म्हणतो. श्वास लागलेला रुग्ण शेवटी नदी ओलांडून वायसीएमच्याच दारात येई.

यात एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने वाहिली, ती प्राणवायूची. चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे कारखाने आहेत. एरवी तो पोलाद कापण्यासाठी जातो. मार्च 2021 अखेर राज्याने 80 टक्के प्राणवायू रुग्णालयांसाठी राखला, आणि एप्रिलमध्ये बहुतेक उद्योगांचा पुरवठा थांबविण्यात आला. त्या दिवसांत चाकणहून निघणारे टँकर पोलीस बंदोबस्तात जात. चाकणने पुणे-पिंपरीला प्राणवायू दिला. खाट मात्र त्याला मागावी लागली.

पिंपरी-चिंचवडमध्ये चार हजारांहून अधिक माणसे या रोगाने गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये 5000 नागरिकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना रोग होऊन गेल्याचे आढळले. हे प्रमाण झोपडपट्ट्यांत आणि चाळवजा वस्तीत अधिक, सोसायट्यांत कमी होते. ज्या सभेमुळे 2020 चा बंदोबस्त रँडच्या बंदोबस्ताहून निराळा होता, तिच्या नगरसेवकांची मुदत 13 मार्च 2022 रोजी संपली आणि प्रशासकाचा अंमल सुरू झाला.

चाकणला स्वतंत्र महानगरपालिका द्यावी की त्या गावांना पिंपरीत सामील करून घ्यावे, यावर मसलती चालू असतात, आणि प्रत्येक पक्षाचे त्यात आपापले गणित आहे. त्या मसलतीत बसणाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे की, जकात गेल्यानंतरच्या काळात चाकणच्या कारखान्यांचा कोणता पैसा चाकणच्या तिजोरीत पडणार, आणि त्यातून तेथे 750 खाटा कोणत्या वर्षी उभ्या राहणार? हद्दीची रेघ ओढण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत.